खळगे

धाकू डोर्लेकराने बोटीवरून आणलेली गिटार
विश्राम मेस्त्रीने हातात घेतली आणि म्हणाला,
"वाळवी लागलीय रे हिला. ठेवून जा, भरून देतो."
मानेवर पितळी पट्ट्या,
आणि दर दोन पट्ट्यांमध्ये एकेक खळगा,
पागोळीखालच्या चिऱ्याला पडतो तसा.
मग त्याने अंगठा आत फिरवला,
होडीच्या फळीवरून फिरवतो तसा, सावकाश.
"वाळवी नाही. पटाशीचं काम आहे.
कुणीतरी मुद्दाम लाकूड काढलंय."

मुद्दामच.
तार तिथे खाली दाबायची, बुडू द्यायची,
म्हणजे सा आणि रे यांच्या मध्ये
जे कुणाच्याच पेटीत नाही ते ऐकू येतं.
धाकूने पूर्णगडच्या जेटीवर बसून दाखवलं.
नखांत अजून इंजिनाचं काळं.

सायगॉनच्या गोदीत त्यांची बोट चार महिने पडून होती.
तिथल्या एका न्हाव्याने गिऱ्हाईक नसताना
त्याला हे गाणं शिकवलं:
नवरा दूर, रात्र मोठी,
आणि एक बाई कान देऊन बसलेली.
न्हावी बोटं मोजून सांगायचा,
आजोबांच्या वेळी ओळ दोनच मात्रांची होती.
मग चार झाल्या, आठ, सोळा, बत्तीस.
गाणं तेच. टाळी तेवढी लांब लांब गेली.
का, ते धाकूला
बंदरावरच्या मोडक्या भाषेत विचारता आलं नाही.

द्वारकावयनी उंबऱ्यात सुकट निवडत होती.
मान वर न करता म्हणाली, "मला विचारा.
पहिली सफर नऊ महिन्यांची.
दुसरी चौदा. ही बावीस.
बाकीची माणसं विमानाने घरी आली,
हे राहिले मागे,
वाट बघणारीचं गाणं शिकायला.
इथे शिमग्याची पालखी दारावरून गेली,
ढोल खाडीपलीकडे जाऊन विझेपर्यंत
मी मोजत होते.
मला कुणी न्हावी लागला नाही."

धाकू तार लावत राहिला.
लागलेलीच होती ती.

मी नमनात मृदंग वाजवतो, एवढाच माझा संबंध.
त्या रात्री तालमीत, गवळण संपत आली,
आणि शेवटच्या समेआधी माझा हात वरच राहिला.
ठरवलेलं काही नव्हतं.
मावशीचं काम करणारा अनाजी
कमरेवर हात ठेवून तसाच उभा.
पेटीवाल्याने भाता ओढून धरला.
बाहेर वाऱ्याने माडाची एक झावळी
दुसरीवर घासली, ते सगळ्यांना ऐकू आलं.
मग थाप पडली.
कुणी काही बोललं नाही. चहा आला.

आता ती आमच्या गावाची खोड झाली आहे.
गावखडीची पोरं हसतात,
पूर्णगडचा मृदंगी ऐन वेळी विसरतो म्हणून.
राजापूरकडचा एक जण मात्र
दोन खेळ पुढ्यात बसून तेवढंच उचलून घेऊन गेला.
त्याला वाटलं, ही आमची जुनी चाल.
मी नाही म्हटलं नाही.
कुठली म्हणून सांगणार होतो?

धाकू पुन्हा बोटीवर गेला, दिवाळी झाल्यावर.
गिटार खुंटीला टांगून.
कधी रात्री भरतीच्या वेळी
त्यांच्या घराकडून एकच तार ऐकू येते,
दाबलेली, खाली खाली जाणारी.
पुढचा सूर काही येत नाही.
मी अंथरुणात मात्रा धरतो. बत्तीसला सोडून देतो.

परवा विश्राम मेस्त्री सांगत होता,
द्वारका आली होती, फडक्यात गुंडाळून घेऊन.
विचारत होती,
हे आणखी थोडं खोल करता येईल का.